उजवा हात, डावा डोळा: पिस्तुलाचा नेम सतत चुकतो त्यामागचं हे कारण माहितीये का?

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीत काय किंवा शेजारच्या अंबड, परतूरमध्ये काय, पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं-पोरी दिसली की समजायचं, पोलीस भरतीची तयारी सुरू आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर, गोळाफेक आणि त्यानंतर लेखी परीक्षा. कुणाचं वर्ष यात जातं, कुणाची दोन-तीन वर्षं.

निवड झाली की वैद्यकीय तपासणी होते. नजर किती आहे, रंग ओळखता येतात का, हे बघितलं जातं. मग प्रशिक्षण. जालन्यात पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे आणि राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ सुद्धा जालन्यातच आहे. म्हणजे वर्दी आणि बंदूक या भागातल्या घरांना काही लांबची गोष्ट नाही.

खरी गंमत फायरिंगच्या मैदानावर होते. पळण्यात पहिला आलेला, नजर अगदी ६/६ असलेला, हात स्थिर असलेला एखादा जण पिस्तूल हातात घेतो आणि गोळ्या काही केल्या मधे लागत नाहीत. दोन-चार दिवसांनी शिक्का बसतो, 'याला नेमच नाही.' तो स्वतःही तेच मानायला लागतो.

पण अनेकदा दोष ना हाताचा असतो, ना नजरेचा. हात उजवा आणि नेम धरणारा डोळा डावा, अशी उलटी जोडी जमलेली असते. इंग्रजीत याला 'क्रॉस आय डॉमिनन्स' म्हणतात. हे नेमकं काय असतं, घरबसल्या कसं ओळखायचं आणि पिस्तूल चालवताना त्यावर उपाय काय, हे सविस्तर बघू.

डोळे दोन, पण नेम एकच धरतो

आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणारं चित्र थोडं वेगळं असतं. मेंदू ही दोन चित्रं एकत्र करतो आणि त्यातूनच आपल्याला खोली, अंतर कळतं.

पण जवळची वस्तू लांबच्या वस्तूशी एका रेषेत आणायची वेळ आली की मेंदूला दोन्ही डोळ्यांचं ऐकून चालत नाही. तो एका डोळ्याची बाजू घेतो. हाच तुमचा मुख्य डोळा. नेमबाज त्याला 'मास्टर आय' म्हणतात.

ही माहिती काही आजची नाही. जियामबातिस्ता देल्ला पोर्ता या इटालियन अभ्यासकानं १५९३ साली आपल्या ग्रंथात याचं वर्णन केलं होतं. त्याच्या नावानं ओळखली जाणारी बोटाची चाचणी आजही वापरली जाते.

आता तुम्ही म्हणाल, उजव्या हाताच्या माणसाचा डोळाही उजवाच असणार ना? इथंच गडबड आहे. हात आणि डोळा यांचं नातं फार घट्ट नाही. आधी झालेल्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार उजव्या हातानं काम करणाऱ्यांपैकी सुमारे ३४ टक्के लोकांचा मुख्य डोळा डावा असतो. डावखुऱ्यांमध्ये सुमारे ५७ टक्के लोकांचा डोळा डावा, म्हणजे उरलेल्या ४३ टक्क्यांची जोडी उलटी.

सोप्या भाषेत सांगायचं तर उजव्या हाताच्या तीस जणांच्या तुकडीत नऊ-दहा जण असे असू शकतात. हा काही दुर्मीळ आजार नाही. आजार तर नाहीच.

तिरळेपणा वेगळा, हे वेगळं

'क्रॉस आय' हा शब्द ऐकून बरेच जण दचकतात. तिरळेपणात दोन्ही डोळे एकाच दिशेला बघत नाहीत. ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवण्याची बाब आहे. इथं डोळे सरळ असतात, नजर चांगली असते, चष्मा असो किंवा नसो. फक्त हाताची बाजू आणि मुख्य डोळ्याची बाजू जुळत नाही, एवढंच.

लिहिताना, गाडी चालवताना, मोबाईल बघताना याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे अनेकांना ही गोष्ट तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी कळते, तीही बंदूक हातात आल्यावर.

तुमचा मुख्य डोळा कोणता? अर्ध्या मिनिटात ओळखा

यासाठी बंदूक लागत नाही, काही विकतही आणायचं नाही.

१. दोन्ही हात समोर पूर्ण ताठ करा. तळवे समोरच्या बाजूला ठेवून एकमेकांवर असे चढवा की दोन्ही अंगठ्यांच्या मधे एक छोटी त्रिकोणी खिडकी तयार होईल.

२. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून पाच-सहा मीटर लांबची एखादी वस्तू बघा. भिंतीवरचं घड्याळ, विजेचा दिवा, काहीही चालेल.

३. आता हात न हलवता डावा डोळा मिटा. वस्तू खिडकीतच दिसत असेल तर तुमचा मुख्य डोळा उजवा. वस्तू गायब झाली तर मुख्य डोळा डावा.

४. खात्रीसाठी उजवा डोळा मिटून पुन्हा बघा. उत्तर उलटं यायला हवं.

ही चाचणी एकदाच करून थांबू नका. पाच-सहा वेळा करा, दरवेळी हात खाली घेऊन पुन्हा वर घ्या. कारण सगळ्यांचा मुख्य डोळा सारखाच 'जोरकस' नसतो. काहींचं उत्तर दरवेळी तेच येतं, काहींचं कधी हे, कधी ते. दुसऱ्या गटातल्या लोकांची अडचण थोडी वेगळी असते, त्यांचा डोळा नेम धरतानाच बदलू शकतो.

लहानपणी बेचकीनं चिंचा पाडताना किंवा गोट्या खेळताना तुम्ही कोणता डोळा मिटायचा, यावर मात्र विसंबू नका. काही जणांना एकच डोळा मिटता येतो, म्हणून ते तोच मिटतात. ती सवय झाली, पुरावा नाही.

पिस्तुलात नेमकं बिघडतं काय?

पिस्तुलावर नेम धरण्यासाठी दोन गोष्टी असतात. मागे एक खाच, तिला बॅकसाइट म्हणतात. पुढे नळीच्या टोकाशी एक उंचवटा, ती फोरसाइट. डोळा, खाच, उंचवटा आणि लक्ष्य हे चारही एका रेषेत आले की नेम लागला. एनसीसीत हिंदीतून शिकवताना याला 'शिस्त लेना' म्हणतात.

या रेषेत किती कमी चूक चालते, ते एका हिशोबातून बघा. १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त ११.५ मिलिमीटर असतो. पिस्तुलाच्या दोन साइट्समध्ये ३३ सेंटिमीटर अंतर धरलं आणि त्यांच्या जुळणीत अवघ्या एका मिलिमीटरची चूक झाली, तर दहा मीटरवर छर्रा मध्यापासून सुमारे तीन सेंटिमीटर लांब जातो. दहाऐवजी सात गुण. एका मिलिमीटरची ही किंमत.

आता उलटी जोडी असलेल्या माणसाचं काय होतं? समजा हात उजवा, डोळा डावा. त्याला शिकवलेलं असतं की पिस्तूल उजव्या डोळ्यासमोर आण. तो तसं करतो, पण दोन्ही डोळे उघडे असतील तर मेंदू डाव्या डोळ्याचं चित्र पुढे करतो. मग त्याला कधी दोन फोरसाइट दिसतात, कधी दोन लक्ष्यं. यातलं खरं कोणतं हे ठरवण्यात वेळ जातो, हात थकतो.

गडबडीत तो मागची खाच विसरून फक्त पुढचा उंचवटा डाव्या डोळ्यानं लक्ष्यावर टेकवतो. पिस्तुलाचा मागचा भाग मात्र उजव्या डोळ्याच्या रेषेतच राहिलेला असतो. म्हणजे पिस्तूल तिरपं झालं आणि तोंड डावीकडे वळलं. गोळी डावीकडे जाते. डावखुऱ्या आणि उजव्या डोळ्याच्या माणसाच्या बाबतीत हेच उलट होतं.

काही जण नकळत मान वाकडी करून डावा डोळा पिस्तुलामागे नेतात, काही जण मनगट मुरगाळतात. दोन्हीमुळे पकड बिघडते आणि प्रत्येक गोळी वेगळ्या ठिकाणी लागते.

पण थांबा, गोळी डावीकडे गेली म्हणजे दोष डोळ्याचाच असं नाही

उजव्या हाताच्या नवख्या माणसाच्या गोळ्या डावीकडे, खाली जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे ट्रिगर. तो हळूच सरळ मागे दाबण्याऐवजी झटका दिला की पिस्तुलाचं तोंड हलतं. आवाजाच्या धास्तीनं आधीच मनगट खाली झुकवलं तरी तेच होतं.

मग फरक कसा ओळखायचा? प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून आधी डावा डोळा झाकून काही गोळ्या मारायच्या, नंतर उजवा डोळा झाकून. प्रत्येक वेळी दोन्ही साइट्स नीट जुळवायच्या. एक डोळा झाकल्यावर गोळ्या मधे येऊ लागल्या तर अडचण डोळ्याची होती. कोणताही डोळा झाका, गोळ्या डावीकडेच जात असतील तर ट्रिगर आणि पकड यांवर काम करायला हवं. (पिस्तुलाच्या साइट्सच चुकीच्या बसवलेल्या नाहीत ना, हे प्रशिक्षकानं आधी स्वतः मारून तपासलेलं असावं.)

रायफलपेक्षा पिस्तुलात हे सोपं का?

रायफलचा दस्ता खांद्यात रुततो आणि गाल त्यावर टेकतो. उजव्या खांद्याला रायफल लावली की तिच्यामागे उजवाच डोळा येणार, डावा डोळा तिथं नेताच येत नाही. म्हणून रायफलमध्ये उलट्या जोडीच्या माणसाला एकतर मुख्य डोळा झाकावा लागतो किंवा खांदा बदलावा लागतो. छऱ्यांच्या बंदुकीत तर मागची खाचच नसते, डोळाच तिचं काम करतो. तिथं चुकीचा डोळा म्हणजे सरळ नेम हुकला.

पिस्तूल मात्र हाताच्या लांबीवर मोकळं असतं. ते डोळ्याकडे नेता येतं. त्यामुळे पिस्तूल चालवणाऱ्यानं 'माझं काही होणार नाही' असं समजायचं कारणच नाही.

उपाय काय?

खालचे उपाय उजवा हात, डावा डोळा असं धरून लिहिले आहेत. डावा हात, उजवा डोळा असेल तर बाजू उलट करून वाचा.

*पिस्तूल डोळ्याकडे न्या.* पोलीस प्रशिक्षणात असतं तसं दोन हातांनी पिस्तूल धरलं की ते जवळपास नाकासमोर येतं. तिथून डाव्या डोळ्यासमोर न्यायला जेमतेम तीन सेंटिमीटर सरकवावं लागतं. दोन्ही हात एकत्र सरकवायचे, मनगट वळवायचं नाही. पिस्तुलाची नळी आधीसारखीच सरळ लक्ष्याकडे राहिली पाहिजे.

*मान वळवा, वाकवू नका.* हनुवटी थोडी उजव्या खांद्याकडे वळवली की डावा डोळा आपोआप उजव्या हाताच्या रेषेत येतो. डोकं एका बाजूला कलंडवलं तर मात्र मानेवर ताण येतो आणि तोलाची जाणीवही बिघडते. डोकं सरळ, फक्त चेहरा वळलेला, हे लक्षात ठेवा.

*उभं राहण्याचा कोन तपासा.* ऑलिंपिकमधले पिस्तूल प्रकार एका हातानं खेळले जातात. त्यात हात न बदलता डोळा बदलायचा तर पायांची जागा थोडी बदलावी लागते. ती शोधायची पद्धत सोपी आहे. पवित्रा घ्या, हात उचला, डोळे मिटा, एक-दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. साइट्स लक्ष्याच्या एका बाजूला गेलेल्या दिसल्या तर हातानं ओढून आणू नका, मागचा पाय थोडा सरकवा. डोळे उघडल्यावर साइट्स आपोआप समोर दिसेपर्यंत हे करायचं. स्पर्धेच्या पिस्तुलांची लाकडी पकडही हाताप्रमाणे घासून, बसवून घेता येते.

*नको असलेला डोळा अर्धवट झाका.* एक डोळा घट्ट मिटून ठेवला की चेहऱ्याचे स्नायू थकतात आणि दुसरा डोळाही किलकिला होतो. त्यापेक्षा चष्म्याच्या त्या काचेवर धुरकट दिसणारी चिकटपट्टी लावायची. उजेड आत येतो, चित्र येत नाही. पूर्ण काळी पट्टी लावली तर झाकलेल्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तिच्यासोबत उघड्या डोळ्याचीही होते, म्हणून धुरकट पट्टी बरी.

*नजर फोरसाइटवर ठेवा.* हे सगळ्यांनाच लागू आहे, पण उलट्या जोडीच्या माणसाला जास्त. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. पुढचा उंचवटा स्पष्ट आणि लक्ष्य थोडं धूसर, हे योग्य चित्र. लक्ष्य स्पष्ट बघायला गेलात की फोरसाइट दोन दिसायला लागते आणि पुन्हा तोच गोंधळ.

मग तो तुर्कस्तानचा 'काका' दोन्ही डोळे उघडे ठेवून कसा मारत होता?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला युसुफ दिकेच आठवतोय? एक हात खिशात, साधा चष्मा, दोन्ही डोळे उघडे. त्याच्या फोटोवर किती मीम्स झाले याची गणती नाही. १० मीटर एअर पिस्तूल मिश्र सांघिक प्रकारात त्यानं शेव्वल इलायदा तरहानसोबत रौप्यपदक जिंकलं. त्याच प्रकारात भारताच्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्यपदक मिळवलं होतं.

तो फोटो बघून 'पट्टी-बिट्टी सगळी थेरं आहेत' असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तसं नाहीये. दिकेच अनेक वर्षं खेळलेला नेमबाज आहे आणि दोन्ही डोळे उघडे ठेवण्याची त्याची सवय मुरलेली आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर ३० मिलिमीटर रुंदीपर्यंतची पट्टी लावायला परवानगी देतात. म्हणजे दोन्ही मार्ग खुले आहेत. ज्याला जे जमतं ते त्यानं करावं.

महाराष्ट्राला पिस्तूल नेमबाजी नवी नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पण हा खेळ अजून मोठ्या शहरांभोवतीच फिरतो. घनसावंगीसारख्या तालुक्यातल्या मुलाच्या हातात पिस्तूल येतं ते बहुतेक वेळा वर्दीसोबतच. म्हणून ही माहिती त्याला आधी असणं जास्त गरजेचं.

हातच बदलला तर?

महाभारतात अर्जुनाचं एक नाव सव्यसाची आहे. डाव्या हातानंही तितक्याच सफाईनं बाण मारणारा, म्हणून सव्यसाची. आपल्याकडे ही कल्पना जुनीच आहे.

आधुनिक काळातलं उदाहरण हंगेरीच्या कारोली ताकाचचं. १९३८ साली लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. तो पिस्तूल नेमबाज होता. त्यानं डाव्या हातानं सराव सुरू केला आणि १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी अशा दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. त्याचं कारण दुखापत होतं, डोळा नव्हे. पण हात नव्यानं शिकू शकतो, हे त्यानं दाखवून दिलं.

तरीही पिस्तुलासाठी हात बदलणं हा पहिला उपाय समजू नये. तीन सेंटिमीटर सरकवून काम भागत असेल तर सगळ्या सवयी मोडायच्या कशाला? अगदी कोरी पाटी असलेल्या लहान मुलाच्या बाबतीत, किंवा रायफल शिकायची असेल तर, प्रशिक्षकाशी बोलून हात बदलण्याचा विचार करता येतो.

या चुका टाळा

'पंधरा दिवसांत मुख्य डोळा बदला' असे व्हिडिओ दिसले तर पुढे सरका. मुख्य डोळा ठरवून बदलणं सोपं नसतं आणि पिस्तुलासाठी त्याची गरजही नसते. मात्र एका डोळ्याची नजर कमी झाली किंवा मोतीबिंदू झाला तर मुख्य डोळा आपोआप बदलू शकतो. आधी नीट लागणारा नेम अचानक बिघडला, एकाचे दोन दिसू लागले, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

सगळे उपाय एकाच दिवशी करू नका. एक बदल करा, काही दिवस त्यावरच सराव करा, मग निकाल बघा. नाहीतर कशानं फरक पडला तेच कळणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा सराव मान्यताप्राप्त रेंजवर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करायचा. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं हा शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे. घरी करायचीच असेल तर मुख्य डोळ्याची चाचणी करा, आरशासमोर उभं राहून मान वळवण्याचा सराव करा. त्याला रिकामे हात पुरतात.

प्रशिक्षकाला काय सांगायचं?

फायरिंगच्या पहिल्याच दिवशी एक वाक्य पुरेसं आहे, 'सर, माझा हात उजवा आहे, पण मुख्य डोळा डावा आहे.' अनुभवी प्रशिक्षकाला पुढचं सांगावं लागत नाही. आणि प्रशिक्षकांच्या बाजूनं बघायचं तर तीस जणांच्या तुकडीची चाचणी घ्यायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. त्यात जे नऊ-दहा जण सापडतील, त्यांच्या वाया जाणाऱ्या गोळ्या आणि वाया जाणारे दिवस दोन्ही वाचतील.

तुमच्या ओळखीत कुणी भरतीची तयारी करत असेल, एनसीसीत असेल किंवा कुणाचं पोरगं एअर पिस्तूल शिकायला लागलं असेल, तर त्याला आजच ती अंगठ्यांची खिडकी करून बघायला सांगा. नेम नाही असा शिक्का बसायच्या आधी, आपला नेम कोणत्या डोळ्यात आहे एवढं तरी त्याला माहीत असावं.